आडात नाही तर पोहऱ्यात कोठून?

स्पॅनिश भाषेत 'पोथो' असा एक छोटा शब्द आहे. स्पेनमध्ये बहुतेक ठिकाणी त्याचा उच्चार असा होतो. दक्षिण अमेरिकेत तो 'पोसो' होतो. लॅटिनमधील 'पुतेउस' हे त्याचे मूळ आणि विहीर हा त्याचा अर्थ. अविलाच्या संत तेरेजाचे लेखन तिच्या स्वतःच्या भाषेत थोडेफार वाचता यावे, एवढ्याच हेतूने मी ही भाषा शिकू लागलो, तेव्हा हा शब्द फार लवकर भेटला. पाण्यासाठी जमिनीत खणलेला खोल खड्डा, एवढे कळले की नवशिका विद्यार्थी पुढे सरकतो. विहीर ही काय शिकण्याची गोष्ट आहे, असे त्याला वाटते.

परंतु शब्दकोशात त्या पहिल्या अर्थाखाली आणखी बरेच काही असते. स्पॅनिश माणूस मोठ्या विद्वानाला 'पोथो दे थिएन्थिया' म्हणजे ज्ञानाची विहीर म्हणतो. कितीही पैसा ओतला तरी भरत नाही अशा व्यवहाराला तो 'पोथो सिन फोन्दो', बिनतळाची विहीर, म्हणतो. आशेने वाट पाहिलेली गोष्ट ऐनवेळी फसली की माझा आनंद विहिरीत गेला, असे तो उद्गारतो. आनंदाला 'गोथो' हा शब्द असल्यामुळे मूळ भाषेत त्याचे यमकही जुळते. खोल निराशेत सापडलेला माणूस त्यांच्याकडेही विहिरीत पडलेलाच असतो. अर्जेंटिनात तर सोडतीच्या साचत गेलेल्या बक्षिसालाही हाच शब्द लावतात. आणि लेकरू बुडाल्यावर विहीर झाकणाऱ्यांविषयी त्यांच्याकडे जी म्हण आहे, ती ऐकताच मराठी माणसाला 'बैल गेला आणि झोपा केला' हे आठवल्यावाचून राहत नाही.

आपली मराठीही या बाबतीत मागे नाही. 'इकडे आड, तिकडे विहीर' हे आपल्या कोंडीचे चित्र आहे. 'तहान लागल्यावर विहीर खणणे' हा आपल्या आळसावर ओढलेला कोरडा आहे. आपल्यापुरत्या जगात रमणाऱ्याला आपण कूपमंडूक म्हणतो. आणि या सर्वांत मला अधिक खोल वाटणारी म्हण म्हणजे, आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? या म्हणीत शब्द आणि अर्थ यांच्या नात्याचेच रहस्य दडले आहे, असे मला वाटते. वाच्यार्थ हा आड आहे, लाक्षणिक अर्थ हा पोहरा आहे. पोहरा वर येतो, उजेडात येतो, हातात येतो. म्हणून आपले लक्ष त्याच्याकडे जाते. आड मात्र खाली अंधारात राहतो.

भाषा शिकताना वाच्यार्थ हे प्राथमिक शाळेचे काम आणि लाक्षणिक अर्थ कळणे ही विद्वत्ता, असा एक समज आपल्या मनात रुजतो. तो भाषेपुरता राहिला असता तर त्याविषयी लिहिण्याचे कारण नव्हते. पण तो आपल्या धार्मिक जीवनातही शिरतो. पाणी, भाकर, दिवा, वाट, मेंढपाळ हे शब्द आपण देवळात आध्यात्मिक अर्थाने इतक्या सहजतेने वापरतो की त्यांपैकी एखाद्याचा पहिला अर्थ समोर बसलेल्या कोणाच्या तरी घरी संपलेला आहे, याची आठवण राहत नाही. म्हणून प्रश्न असा उभा राहतो: ज्याच्या आडाला पाणी नाही, त्याच्यापुढे जिवंत पाण्याविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला कोठून मिळतो?

ज्या जिल्ह्याचे अधिकृत नाव २०२३ पर्यंत उस्मानाबाद होते, त्या आपल्या धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. बालाघाटाच्या डोंगररांगांनी आणि पठाराने व्यापलेल्या या प्रदेशात वर्षाला सरासरी सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो; तोही लहरी. तेरणा, मांजरा, सीना, बोरी या नद्यांच्या निळ्या रेषा नकाशावर बारमाही असतात, पात्रात मात्र उन्हाळ्यात वाळू आणि दगड दिसतात. वडीलधाऱ्या मंडळींच्या बोलण्यात १९७२ चा दुष्काळ अजून जिवंत आहे. तरुणांनी २०१२ चा आणि त्यानंतर २०१४ व २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षे पडलेला दुष्काळ पाहिला आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, ही गोष्ट तर देशभर गाजली.

आणि पाहा, नेमक्या याच ऋतूत आपला उपवासकाळ येतो. तीन वर्षांच्या वाचनक्रमातील 'अ' वर्षी, उपवासकाळाच्या तिसऱ्या रविवारी, याकोबाच्या विहिरीपाशी बसलेला येशू आणि शमरोनी स्त्री यांचा प्रसंग वाचला जातो. विहिरी तळाला जाऊ लागलेल्या असतात. टँकरची वेळ आणि मिस्साची वेळ एकच आली, तर घरातील एकजण घागरी घेऊन रांगेत उभी राहते. आणि ती बहुधा आई किंवा मोठी मुलगी असते. म्हणजे पाण्याविषयीचे प्रवचन ऐकण्यासाठी त्या दिवशी घरातील जी व्यक्ती देवळात येऊ शकत नाही, तीच पाण्याविषयी सर्वांत अधिक जाणणारी असते. हे वाक्य मी कोणाला टोचावे म्हणून लिहिलेले नाही. पण प्रवचनपीठावर चढणाऱ्याने ते मनात ठेवावे, असे मला वाटते.

या प्रश्नाचा विचार आपल्या पूर्वसूरींनी वेगळ्या निमित्ताने केलेला आहे. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या मम्मटाने 'काव्यप्रकाश' या ग्रंथात लक्षणेच्या अटी सांगितल्या आहेत. शब्दाचा मुख्य अर्थ प्रथम जुळेनासा झाला पाहिजे. नव्या अर्थाचा त्या मुख्य अर्थाशी काही संबंध असला पाहिजे. आणि असे बोलण्यामागे रूढी किंवा काही प्रयोजन असले पाहिजे. संस्कृत पंडितांचे यासाठीचे आवडते उदाहरण पाण्याचेच आहे: गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे. प्रवाहावर वस्ती असू शकत नाही, म्हणून आपण 'गंगेच्या काठावर' असा अर्थ घेतो; आणि तरीही 'गंगेवर' म्हटल्यामुळे त्या वस्तीला गंगेची शीतलता व पावित्र्य लाभते. आता विचार करावा. गंगाच आटली, तर त्या वस्तीला शीतलता कोठून येणार? लक्षणा मुख्य अर्थाला बाजूला सारते खरी, परंतु जगते त्याच्याच जिवावर.

ख्रिस्तसभेची शिकवणही याहून निराळी नाही. पवित्र शास्त्राला शब्दशः अर्थ आणि आध्यात्मिक अर्थ असे दोन्ही आहेत, हे आपण मानतो. परंतु संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा' ग्रंथाच्या पहिल्याच प्रश्नात स्पष्ट केले आहे की बाकीचे सर्व अर्थ शब्दशः अर्थाच्या पायावर उभे असतात. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथानेही तेच सूत्र स्वीकारले आहे. संस्कारांच्या बाबतीत तर ख्रिस्तसभा अधिकच काटेकोर आहे. बाप्तिस्मा खऱ्या पाण्यानेच झाला पाहिजे, असा धर्मसभेचा कायदा आहे. पाण्याची कल्पना, पाण्याचे चित्र किंवा पाण्यावरील सुंदर गीत तेथे चालत नाही. नवा जन्म देणाऱ्या कृपेचे चिन्ह म्हणून आपण जे पाणी लेकराच्या मस्तकावर ओततो, ते कोणीतरी कोठून तरी शेंदून आणलेले असते.

ज्या संत तेरेजामुळे मी या शब्दापर्यंत पोहोचलो, तिच्याकडेच आता वळतो. तिचा जन्म १५१५ चा. स्पेनमधील कॅस्टिलच्या रुक्ष पठारावर, अविला नगरात ती वाढली. आत्मचरित्राच्या अकराव्या अध्यायात तिने प्रार्थनेला बागेच्या शिंपणाची उपमा दिली आहे. पाणी देण्याचे चार प्रकार ती सांगते. पहिला, विहिरीतून हातांनी पाणी शेंदण्याचा. यात कष्ट फार. दुसरा, रहाटाचा, कष्ट कमी, पाणी अधिक. तिसरा, नदीचा किंवा ओढ्याचा; आणि चौथा, पावसाचा, ज्यात माळ्याला काहीच करावे लागत नाही, प्रभू स्वतःच बाग भिजवितो. प्रार्थनेला नव्याने लागलेला माणूस हा विहीर शेंदणारा आहे, आणि कधी कधी तर पोहरा कोरडाच वर येतो, असे ती म्हणते. ज्यांनी मोटेचे आणि रहाटाचे दिवस पाहिले, त्यांना ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. 'संसाराचे रहाटगाडगे' असे आपण म्हणतोच.

तेरेजाच्या या उपमेत एवढे बळ कोठून आले? आपल्या दुसऱ्या एका ग्रंथात ती सांगते की पाणी हे तत्त्व तिला इतके प्रिय होते की इतर वस्तूंपेक्षा अधिक लक्षपूर्वक तिने ते न्याहाळले होते. शमरोनी स्त्रीचा प्रसंग तिला बालपणापासून आवडता होता. त्या विहिरीचे चित्र तिच्या घरात होते. पण याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. १५६२ साली तिने अविला येथे संत योसेफाचा मठ स्थापिला. त्या मठातील विहिरीचे पाणी वाईट होते. ते कसे सुधारून घ्यावे याची चौकशी तिने जाणत्या कारागिरांकडे केली, तेव्हा हे म्हणजे पैसे पाण्यात घालणे आहे असे म्हणून ते हसले. मठातील एका बहिणीने मात्र भरवसा दिला. काम झाले, आणि पिण्याजोगे पाणी पुरेसे मिळू लागले. ही हकीकत सांगताना तेरेजा बजावते की मी हिला चमत्कार म्हणत नाही, त्या बहिणींच्या श्रद्धेसाठी सांगते आहे. ख्रिस्तसभेने १९७० साली जिला धर्मपंडिता ही पदवी दिली, त्या संत स्त्रीला विहिरीची उपमा सुचली, आणि मठातल्या विहिरीचे वाईट पाणी सुधारण्याचा हिशेबही तिनेच पाहिला. तिच्या पोहऱ्यात जे आले, ते तिच्या आडात होते.

आता स्वतः प्रभूकडे पाहू. योहानाच्या शुभवर्तमानातील चौथ्या अध्यायात येशू प्रवासाने थकलेला आहे, दुपारची वेळ आहे, आणि तो त्या स्त्रीकडे पाणी मागतो. जिवंत पाण्याविषयी तो बोलतो, पण त्याआधी तो तहानेविषयी बोलतो, आणि ती तहान लाक्षणिक नाही. ती स्त्री त्याला सरळ उत्तर देते: महाराज, पाणी काढायला आपणाजवळ काही नाही आणि विहीर तर खोल आहे. अनेक वर्षे प्रवचनांतून या बाईला मंदबुद्धी ठरविण्याची रीत होती. तिला म्हणे आध्यात्मिक अर्थ कळत नव्हता. मला ते पटत नाही. रोज त्या विहिरीची खोली आपल्या दंडांनी मोजणारी ती स्त्री होती. पोहरा आणि दोर यांची विचारणा करणे हा तिचा अधिकार होता, आणि प्रभूने तो हिरावून घेतला नाही. मूळ ग्रीकमध्ये तर येथे दोन शब्द आहेत. ती जेव्हा 'फ्रेआर' म्हणजे खणलेली विहीर म्हणते, तेव्हा प्रभू 'पेगे' म्हणजे उसळणारा झरा म्हणतो. खणलेल्या विहिरीला पाणी लागते ते तळाशी झरा असतो म्हणून. प्रभूने तिच्या शब्दाला खोडले नाही, त्याच्या तळाशी असलेला झरा दाखविला.

याच प्रसंगात आणखी एक गोष्ट आहे, जी आपल्या महाराष्ट्राने विसरता कामा नये. यहुदी आणि शमरोनी यांच्यात भांड्यांचा व्यवहार नव्हता. यहुदी पुरुष शमरोनी स्त्रीच्या भांड्यातून पाणी पितो म्हणतो, याचेच तिला आश्चर्य वाटले. आपल्याकडेही 'विहीर' या शब्दाचा वाच्यार्थ सर्वांना सारखा मिळालेला नव्हता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुला केला. आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना गावच्या आडावर पोहरा सोडता येत नव्हता, अशी कितीतरी कुटुंबे आज मराठवाड्यातील आपल्या धर्मग्रामांत आहेत. त्यांच्यापुढे विहिरीची उपमा वापरताना तिच्या काठावर उभ्या राहिलेल्या माणसांचाही विचार करावा लागतो.

यावर कोणी म्हणेल, धर्मगुरूंनी विहिरी खणाव्यात काय? आत्म्याची तहान भागविणे हे त्यांचे काम. पाण्यासाठी सरकार आहे, योजना आहेत. हा आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नाही. माणूस केवळ भाकरीने जगत नाही, हे सांगणे आपले कर्तव्यच आहे. परंतु या आक्षेपाला महाराष्ट्रातच एका स्पॅनिश माणसाने दिलेले उत्तर आहे. फादर विन्सेंट फेरर हे बार्सिलोनाचे, १९२० साली जन्मलेले येशूसंघीय. १९५२ साली ते भारतात आले आणि नाशिक जिल्ह्यातील मनमाडच्या दुष्काळी परिसरात राहिले. शेतकऱ्यांनी आपल्या शेतात विहीर खणावी, त्या काळात घर चालावे म्हणून गहू आणि तेल द्यावे, असे त्यांनी काम उभे केले. त्यांना विरोध झाला आणि १९६८ साली देश सोडण्याचा आदेश निघाला, तेव्हा हजारो शेतकरी त्यांच्यासाठी मनमाडहून मुंबईकडे पायी निघाले. पुढल्याच वर्षी ते परत येऊन आंध्र प्रदेशातील अनंतपूरला स्थायिक झाले. १९७० मध्ये ते येशूसंघातून बाहेर पडले, काम मात्र २००९ साली मृत्यू येईपर्यंत चालूच राहिले. त्यांच्या मातृभूमीच्या भाषेतील 'पोथो' आणि मनमाडच्या शेतकऱ्याची 'विहीर' यांची गाठ पडली ती शब्दकोशात नव्हे, मुरमात.

तथापि, वाच्यार्थ मिळाला की सारे मिळाले, असेही म्हणता येत नाही. आपल्या जिल्ह्यातच त्याचा पुरावा आहे. मोट गेली, इंजिन आले, वीजपंप आला, मग विंधन विहीर आली. काळ्या कातळाखाली शंभर फुटांवर नाही लागले तर तीनशे, तीनशेवर नाही तर पाचशे. दख्खनच्या या खडकात पाणी साचते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. जसजसे खोल जावे तसतसा भरवसा कमी होतो, कर्ज मात्र वाढते. तरीही शेजाऱ्याच्या बोअरपेक्षा आपला बोअर खोल हवा, ही स्पर्धा थांबत नाही. आणि मिळालेले पाणी पुष्कळदा उसाच्या वाट्याला जाते. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात शेतीसाठी साठ मीटरहून खोल विहीर घेण्यास मनाई करावी लागली. स्पॅनिश माणूस ज्याला बिनतळाची विहीर म्हणतो, ती उपमा आपण अशा रीतीने शब्दशः खरी करून दाखविली आहे.

येथे लाक्षणिक अर्थाची खरी गरज कळते. शमरोनी स्त्रीशी बोलताना प्रभू म्हणतो की या विहिरीचे पाणी पिणाऱ्याला पुन्हा तहान लागेल. जी तहान पाण्याने भागत नाही आणि तरीही पाण्यावरच हक्क सांगते, तिचे नाव लोभ. तिच्यावर साठ मीटरचा कायदा पुरत नाही. तिला तळ घालण्याचे सामर्थ्य फक्त त्या आतल्या झऱ्यात आहे. म्हणजे दोन्ही अर्थ एकमेकांचे राखणदार आहेत. शब्दशः पाण्यावाचून आध्यात्मिक पाण्याच्या गोष्टी पोकळ होतात, आणि आध्यात्मिक पाण्यावाचून शब्दशः पाणी हे भांडणाचे मूळ होते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पिण्याचे शुद्ध पाणी हा मूलभूत मानवी हक्क म्हटला आहे, तो याच विचाराने.

या संदर्भात एका वडीलधाऱ्या बंधूचे स्मरण होते. २०२० च्या जानेवारीत त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उस्मानाबादला भरले आणि त्याचे अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांच्या एका पुस्तकाचे नाव 'ओॲसिसच्या शोधात' असे आहे. ओॲसिस म्हणजे वाळवंटातील पाण्याची जागा. पण तो शोध अंतर्यामीचाही असतो, हे शीर्षक वाचताच जाणवते. त्याच माणसाने 'सुबोध बायबल' मराठीत आणताना शब्दाशब्दाचा पहिला अर्थ वर्षानुवर्षे तपासला, आणि 'हरित वसई'साठी रस्त्यावर उतरून हिरव्या जमिनीचाही कैवार घेतला. २०२४ च्या जुलैमध्ये ते प्रभूघरी गेले. पाण्यासाठी आसुसलेल्या या जिल्ह्यात साहित्याचा पहिला मान अशा धर्मगुरूला मिळाला, यात मला औचित्य दिसते.

वाचकहो, परकी भाषा शिकणे सर्वांना जमेल असे नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. पण आपल्याच प्रार्थनेतील शब्दांचे पहिले अर्थ शिकणे कोणालाही जमण्यासारखे आहे. पुढल्या उपवासकाळात शमरोनी स्त्रीचा प्रसंग वाचला जाण्यापूर्वी आपल्या धर्मग्रामातील प्रत्येकाने एवढे पाहावे: आपल्या गल्लीत पाण्याला किती दिवसांनी येतात, दूरच्या वस्तीवर टँकर पोहोचतो का, रांगेत कोण उभे राहते, देवळाच्या छपरावरचे पावसाचे पाणी कोठे वाहून जाते. मिस्साची वेळ टँकरच्या वेळेशी भांडत असेल तर मिस्साची वेळ बदलणे धर्मगुरूच्या हातात आहे. छपराचे पाणी कोरड्या विहिरीत सोडणे तरुण मंडळींच्या हातात आहे. आणि ज्या बहिणी घागरी घेऊन येतात, त्यांना पुढल्या बाकावर जागा करून देणे आपल्या सर्वांच्या हातात आहे. त्यानंतर जिवंत पाण्याविषयी जे बोलले जाईल, ते त्या अधिक लक्ष देऊन ऐकतील, याविषयी मला शंका नाही.